एवढा सीझन झाला की

प्लेनो, टेक्सस
११ फेब्रुवारी २०२४

चि. अंजना,
सप्रेम जयभीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठणठणीत आहेत. दर रविवारी फोनवर बोलणं होत असताना या म्हाताऱ्याने कागद का खराब करावा, असं तुला वाटेल. तर ऐक. रविवारी तो फोन टेबलावर उभा असतो आणि स्पीकर चालू असतो. अतुल भाजी चिरता चिरता ऐकतो, दीपा डबे भरता भरता ऐकते. तू विचारतेस, दादा कसा आहेस, आणि मी म्हणतो, मजेत. मुलगा आणि सून दोन्ही बाजूंना उभे असताना माणूस दुसरं काय म्हणेल? म्हणून हे पत्र. हे फक्त तुझं आणि माझं.

मला नागपूरला परत जायचं आहे. बस, एवढंच आहे. दीपाच्या पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा महिन्यांसाठी आलो होतो. पाठ बरी झाली, मी मात्र इथेच. मग अतुलने ग्रीन कार्डचा अर्ज भरला, आणि अर्ज चालू असताना देश सोडला तर अर्ज रद्द होतो म्हणे. विचारलं की म्हणतो, "बाबा, पेपर्स प्रोसेसमध्ये आहेत." आता दोन वर्षं व्हायला आली. तिकडे नागपुरात इंदोऱ्याच्या घराची किल्ली गुरुदत्तकडे आहे. माझ्या पोट्ट्यांची फुटबॉलची टीमसुद्धा तोच बिचारा एकटा सांभाळतो आहे. तो फोन करून विचारतो, सर, कधी येता? त्यालाही मी प्रोसेस सांगतो.

सकाळी आठला गॅरेजचं दार वर जातं, दोन गाड्या निघतात, दार खाली येतं. मग चार बेडरूम आणि मी. इथे रेल्वे आहे बरं का. जन्मभर मोतीबागच्या वर्कशॉपमध्ये राबलेल्या माणसाला किती आनंद झाला असेल! पण त्या स्टेशनपर्यंत जायला गाडी लागते.

एक बरं झालं. घरामागच्या शाळेचं ग्राउंड पायी जाण्यासारखं आहे. तिथे एक गोरा म्हातारा संध्याकाळी प्लास्टिकचे छोटे शंकू मांडून मुलींना फुटबॉल शिकवतो. परवा चेंडू माझ्याकडे आला. चेंडू पायाशी पोचण्याआधी मी सवयीने मान वळवून मागे पाहिलं, मागे फक्त कुंपण होतं, आणि चेंडू परत दिला. तो शिट्टी तोंडातून काढून बघतच राहिला. जवळ येऊन त्याने विचारलं, "मिडफिल्ड?" मी म्हटलं, "हाफबॅक. रेल्वे." मागून कोण येतंय हे आधी बघायची खोड आमच्याच जागेवरच्या माणसाला असते. त्यालाही आहे. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा मागे बघत चालतो.

नाव ग्रेगर टॅनॉक. स्कॉटलंडचा. त्याचं इंग्रजी इथल्या लोकांना कळत नाही आणि माझंही कळत नाही. आम्हाला मात्र एकमेकांचं छान कळतं.

तुझा,
दादा


श्रूजबरी
२५ फेब्रुवारी २०२४

प्रिय दादा,
सविनय जयभीम.

पत्र मिळालं. मैत्रीने पाकीट हातात देताना विचारलं, मामाला फोन चालत नाही का आता? म्हटलं, तुझ्या मामाचं अक्षर चांगलं आहे, ते वाया जाऊ नये म्हणून लिहितो. तुझं अक्षर किती भयंकर आहे हे तिला कुठे माहीत.

तू कुरकुर्‍या आहेस, पहिल्यापासून. मी बघ कशी मजेत आहे. इथे बोस्टनकडे गुडघाभर बर्फ आहे, पण घर उबदार आहे. कुशला सकाळी शाळेच्या गाडीपर्यंत सोडते, दुपारी आणते. मंगळवारी लायब्ररीत आपल्या बायका जमतात, त्यात पुण्याची एक आहे, तिला वाटतं अमरावती म्हणजे खेडं. तिचे उच्चार मी सुधारते. जावई राकेशराव शांत आहेत, मैत्री कामात असते. मला कसलाही त्रास नाही. अमरावतीला तरी काय आहे आता? बंद घर आणि निवृत्त हेडमास्तरीण.

तूही असं मन रमव. आपली मुलं प्रेमाने बोलावतात, ही काय लहान गोष्ट आहे? नागपुरात आजारी पडलास तर गुरुदत्त काय काय बघेल?

त्या स्कॉटलंडवाल्याबद्दल सविस्तर लिही. एवढ्या लांबचा माणूस टेक्ससमध्ये मुलींना शिकवत का बसलाय? नक्की काहीतरी भानगड असणार. मला भानगडी वाचायला आवडतात.

तुझी,
अंजना


प्लेनो
२४ मार्च २०२४

चि. अंजना,
जयभीम.

भानगड काहीच नाही. तीच तर पंचाईत आहे. आता सविस्तर वाच.

बाप कोळशाच्या खाणीत होता. हा सोळाव्या वर्षी गावाजवळच्या क्लबात लागला, म्हणजे काय, तर सीनियर लोकांचे बूट घासायचे, स्टँड झाडायचे, आणि वेळ उरला तर खेळायचं. मग पहिल्या टीममध्ये आला, आठ-नऊ वर्षं डावीकडून मधल्या फळीत खेळला. गोल फारसे नाहीत. तो म्हणतो, माझं काम चेंडू घ्यायचा आणि ज्याला खेळता येतं त्याला द्यायचा. अगदी माझंच काम. वर्कशॉपमध्ये सेंटर फॉरवर्डला लोक चहा पाजायचे, मला विचारायचे, तू पण होतास का रे काल?

स्कॉटलंडकडून एकदा खेळला. एकदाच. एक जण लंगडायला लागला म्हणून शेवटच्या काही मिनिटांसाठी याला उतरवलं. पाऊस होता. सगळा खेळ दुसऱ्या टोकाला चालला होता. शिट्टी वाजेपर्यंत याच्या पायाला चेंडू लागलाच नाही. देशाकडून खेळलं की कॅप मिळते असं आपण वाचतो ना, मला वाटायचं नुसतं म्हणायला. नाही, खरीखुरी टोपी देतात, मखमलीची, गोंडा असलेली. त्याने घरी नेऊन दाखवली. नात हॅलोविनला घालून गेली होती, तेव्हा गोंड्याला च्युइंग गम चिकटलं ते अजून आहे.

पुढे इंग्लंडमध्ये खालच्या डिव्हिजनला विकला गेला, गुडघा गेला, आणि तिशीला कोणीतरी सांगितलं की टेक्ससमध्ये इनडोअर लीग आहे, एक सीझन खेळून ये. इनडोअर म्हणजे मोठ्या हॉलमध्ये गालिच्यासारखं हिरवं अंथरतात आणि चारही बाजूंनी फळ्यांच्या भिंती. चेंडू बाहेर जातच नाही. भिंतीला लागला की परत आत. तो मला राज म्हणतो. म्हणाला, "राज, खऱ्या मैदानात चेंडू बाहेर गेला की माणूस श्वास घेतो. तिथे श्वास घ्यायला जागाच नव्हती."

एका सीझनसाठी आलेला माणूस, छत्तीस वर्षं झाली. दुसरा सीझन आला, मग लग्न, मग मुलगी. ती लीग बंद पडली तर कोचिंग. या देशात खेळाचा सीझन संपत नाही अंजने. फॉल संपला की विंटर इनडोअर, मग स्प्रिंग, मग समर कॅम्प. आई फोनवर विचारायची, कधी येतोस, हा सांगायचा, एवढा सीझन झाला की. आई वारली तेव्हा कॅम्प चालू होता. गेला, चार दिवसांत परतला. बायको वेगळी झाली, आता मुलीच्या घरामागच्या एका खोलीत राहतो. तिकडे थोरला भाऊ आहे, एकटा. त्यालाही हा अजून तेच सांगतो.

सांगताना तो हसत होता. मला हसू आलं नाही. घरी येऊन मी अतुलला पुन्हा विचारलं की प्रोसेस कुठपर्यंत आली. तो लॅपटॉपमधून वर न बघता म्हणाला, होईल बाबा.

तुझा,
दादा


श्रूजबरी
२१ एप्रिल २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

जयंतीला इथे शाळेचा हॉल घेतला होता. मुलांनी इंग्रजीत भाषणं केली, कुशने पंचशील म्हटलं, मधलं एक शील गाळलं. मी वंदना घेतली. लोक म्हणाले काकू, तुमच्या आवाजाने घरची आठवण आली.

तुझ्या त्या टॅनॉकची गोष्ट दोनदा वाचली. तू त्याची कीव करतोस असं दिसतं. मला तर तो सुखी माणूस वाटतो. हाताला काम आहे, मुलगी जवळ आहे, पोरं मागेपुढे आहेत. परत जाऊन त्या पावसात तो काय करणार होता? तू त्याच्याकडून शिक. त्याच्याबरोबर ग्राउंडवर उभा राहा, शिकवण्यात तुझा जीव आहे. मग टेक्ससचं नागपूर व्हायला वेळ लागायचा नाही.

पाच-सहा आठवडे लिहिणं जमलं नाही. पायऱ्यांवरच्या बर्फावरून घसरले होते, मनगटाला प्लास्टर होतं. फोनवर मुद्दामच सांगितलं नाही. उजवा हात असल्यामुळे कुशला घास भरवता येईना, मग दिवसा एक बाई ठेवली. सहा आठवडे मी खिडकीत बसून त्या बाईला कुशच्या आवडीनिवडी सांगत होते. आता हात चालतो. ती बाई गेली, बरं झालं.

पत्र लवकर लिही. तुझं पत्र येतं त्या दिवशी मी टपालपेटीपर्यंत दोनदा जाते.

तुझी,
अंजना


प्लेनो
७ जुलै २०२४

चि. अंजना,
जयभीम.

मनगट मोडून घेतलंस आणि मजेत आहे म्हणून लिहितेस. हेडमास्तरीण असून खोटं बोलतेस.

तुझं एक ऐकलं. मी आता ग्रेगरच्या मदतीला जातो. त्याची टीम तेरा-चौदा वर्षांच्या मुलींची आहे, पगार-बिगार काही नाही, नुसतं व्हॉलंटिअर. आणि एक मोठं नवल झालं. आपली अनिका टीममध्ये आली. दोन वर्षं या घरात तिने मला हाय आणि बाय याच्यापुढे काही म्हटलं नव्हतं. परवा रात्री जेवताना ती दीपाला सांगत होती, "आजोबा सेज लुक बिहाइंड यू बिफोर द बॉल कम्स." माझा घास हातातच राहिला.

आता मुख्य बातमी. कार्ड आलं! अतुलने केक आणला, दीपाने फोटो काढले. सगळे नाचत होते आणि मी मनातल्या मनात नागपूरचं तिकीट काढत होतो. आता देश सोडला तरी कोणी अडवत नाही. मी ठरवलं आहे, दसऱ्याच्या आधी जायचं, दीक्षाभूमीवर पोचायचं. तुझी सुमित्रावहिनी असताना आम्ही दोघं दरवर्षी गेटाजवळच्या स्टॉलवर पाणी वाटायचो. ती गेल्यावर मी एकटाही वाटायचो, आणि आता दोन वर्षं खंड पडला.

आणि हे फक्त तुला सांगतो. मी परतीचं तिकीट वापरणार नाही. अतुलला महिन्याभरासाठी जातो म्हणून सांगेन, तिथे गेल्यावर हळूहळू सांगेन. तोंडावर सांगितलं तर त्याला वाटेल आपलंच काही चुकलं. त्याचं काही चुकलेलं नाही. तो चांगला मुलगा आहे, आणि मला इथे गुदमरायला होतं. दोन्ही खरं आहे.

ग्रेगरला सांगितलं. तो बराच वेळ शंकू गोळा करत राहिला. मग म्हणाला, त्याच्या जुन्या क्लबाचं ग्राउंड सप्टेंबरअखेर पाडणार आहेत. शेवटच्या सामन्याला सगळ्या जुन्या खेळाडूंना बोलावलं आहे. जाणार का, विचारलं तर म्हणाला, फॉल सीझनच्या मध्यावर मुलींना कुणावर सोडू?

तुझा,
दादा


श्रूजबरी
२१ जुलै २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

कार्डाचं अभिनंदन. अनिका खेळते हे वाचून फार बरं वाटलं.

बाकी मी काय लिहू? तू मोठा आहेस, तुला जे वाटेल ते कर. पण घाई करू नकोस एवढंच म्हणते. इथे फार उकडतंय आणि कुशला ताप आहे, म्हणून हे पत्र छोटं.

अंजना


प्लेनो
१८ ऑगस्ट २०२४

अंजना,
जयभीम.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी अतुल म्हणाला, बाबा, तुमचा पासपोर्ट आणि कार्ड द्या, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो, घरात हरवलं तर फार प्रॉब्लेम होतो. मी काढून दिलं. बाप आहे, संशय कशाला घेऊ? पुढच्या आठवड्यात तिकिटाचं बोललो तर म्हणाला, बघू. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाला, बँक शनिवारी बाराला बंद होते. त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही कॉस्टकोला गेलो.

मग विचार करत बसलो. हे याला सुचलं कसं? महिन्याभराने परत येणाऱ्या माणसाचा पासपोर्ट कोणी लॉकरमध्ये टाकत नाही. मी परत येणार नाही हे जगात दोनच जणांना माहीत होतं. ग्रेगर अतुलशी हवापाण्यापलीकडे बोलत नाही.

मी तुझ्यावर ओरडत नाही. लहानपणीही ओरडलो नाही. पण मला आता पासपोर्ट मागता येत नाही, अंजना. मागितला तर तो विचारेल, बाबा, तुम्ही मला सोडून चालला आहात का? त्याला ते कळलं आहे, मला कळलं आहे की त्याला कळलं आहे, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून वरणभात खातो. पोटच्या मुलाकडे दोनदा हात पसरणं माझ्याच्याने होत नाही. तो देईल, मला माहीत आहे. मागणंच होत नाही.

तू असं का केलंस, एवढं सांग.

दादा


श्रूजबरी
२७ ऑगस्ट २०२४

दादा,

मी सांगितलं. तुझं पत्र आल्यावर दोन दिवसांनी अतुलने कार्डाची बातमी द्यायला फोन केला होता, मी म्हटलं, बाबांना एकटं पाठवू नकोस, ते राहून जातील. लॉकर माझ्या डोक्यातला नाही. पण त्याचं मूळ मीच.

कारण विचारतोस. मी मजेत नाहीये दादा. मनगट मोडलं तेव्हा मैत्री सुट्टी काढून दोन दिवस थांबली, मग ती बाई आली. ती बाई माझं सगळं काम माझ्यापेक्षा भराभर करायची. तेव्हा कळलं की मी इथे कशाला आहे. सगळे प्रेमाने वागतात. कुशची आजी, मैत्रीची आई, लायब्ररीतल्या काकू. या सगळ्या देशात मला अंजने म्हणणारा तू एकटा आहेस. तू गेलास तर तेही संपलं. तिकडून तू पत्र लिहिणार नाहीस, पोट्ट्यांमध्ये रमशील, मी ओळखून आहे. मला तू इथे हवा होतास. टेक्ससमध्ये का होईना, पण या बाजूला.

असं करायला नको होतं. शाळेत मुलांनी असं केलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं असतं. मी अतुलला आज फोन करते. आत्या म्हणून करते, बघू कसा ऐकत नाही.

तू जा.

अंजना


प्लेनो
२२ सप्टेंबर २०२४

चि. अंजने,
सप्रेम जयभीम.

तू अतुलला काय बोललीस देव जाणे. म्हणजे देव नाही, तूच जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी तो ऑफिसमधून लवकर आला, पासपोर्ट आणि कार्ड माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि गॅरेजमध्ये जाऊन उगाच गाडी पुसत बसला. मी मागे गेलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबा, मी तुम्हाला कोंडून ठेवलं असं वाटलं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "नाही रे." हो म्हणायचं होतं. मग मीही एक फडकं घेतलं आणि दुसऱ्या बाजूने पुसायला लागलो. रात्री त्याने स्वतः माझं तिकीट काढलं, नऊ ऑक्टोबरचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूर. परतीच्या तारखेचं त्याने विचारलं नाही, मीही सांगितली नाही.

तुझ्यावर राग धरला होता तो गेला. मी तिकडून दर महिन्याला पत्र लिहीन. पहिल्या शब्दाला अंजनेच असेल.

आणखी एक काम केलं. ग्रेगरच्या मागे लागलो की त्या सामन्याला जा. तो पुन्हा तेच, मुलींना कोण बघणार. मी म्हटलं, मी बघतो. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, तू सहा तारखेला परत, मी नऊला निघतो. माझ्या आधी त्याच्यापुढे एवढं सरळ उत्तर कोणी ठेवलं नसावं. शंकूंची पिशवी आणि शिट्टी माझ्या हातात देऊन तो म्हणाला, "फक्त दोन आठवडे, राज." टीममधल्या एका मुलीचा बाप त्याला काल विमानतळावर सोडून आला. जाताना तो मागे बघत होता म्हणे. ते त्याचं नेहमीचंच आहे.

तुझा,
दादा


श्रूजबरी
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,
जयभीम.

दसऱ्याला तुझ्या फोनची वाट बघितली. वाटलं, गर्दीत असशील, रेंज नसेल. मग रविवारी फोन आला तो प्लेनोहून. टेबलावरचा तोच फोन आणि अतुल शेजारीच, त्यामुळे तू म्हणालास, जरा पुढे ढकललं, आणि मी म्हटलं, बरं बरं. आता कागदावर सांग, काय झालं?

मी मात्र चालले. तुझ्या त्या ऑगस्टच्या पत्रानंतर मला झोप येईना. शेवटी मैत्रीला सांगून टाकलं की मला अमरावतीला जायचंय आणि राहायचंय. तिला रडू आलं, मलाही आलं, मग आम्ही दोघींनी चहा केला. एवढं सोपं होतं हे मला माहीत नव्हतं. वीस नोव्हेंबरचं तिकीट आहे, बोस्टनहून. तू डॅलसहून निघ, दिल्लीला भेटू, पुढे नागपूरपर्यंत एकत्र. मैत्री तुझं तिकीट बदलून देईल, तिला सगळं येतं. फक्त हो म्हण.

मीच तुला अडवलं होतं, म्हणून मीच न्यायला येते आहे असं समज.

तुझी,
अंजना


प्लेनो
३ नोव्हेंबर २०२४

चि. अंजने,
सप्रेम जयभीम.

ग्रेगर आला नाही. ऑक्टोबरच्या पाच तारखेला त्याचं पोस्टकार्ड आलं, पाडायच्या त्या ग्राउंडच्या फोटोचं. शेवटच्या सामन्याआधी जुन्या लोकांना मैदानात उभं केलं, एकेकाचं नाव पुकारलं, याचं पुकारल्यावर लोक उभे राहिले. भाऊ फार थकला आहे. त्याने लिहिलंय, इथे पाऊस आहे आणि सगळे माझ्यासारखंच बोलतात. मी नवीन वर्षापर्यंत थांबतो. तू मुलींना सांभाळशील, राज, माझी खात्री आहे.

मला राग आला. मग हेवा वाटला. मग संध्याकाळ झाली आणि मी पिशवी घेऊन ग्राउंडवर गेलो, कारण मुली येऊन उभ्या होत्या.

नऊ तारखेला जाता आलं असतं. खोटं सांगत नाही, कोणी अडवलं नव्हतं. अतुल बॅग गाडीत टाकायला तयार होता. पण बाराला मॅच होती आणि शिट्टी माझ्याकडे होती. कोच नसेल तर टीम मोडून मुलींना इतर टीममध्ये वाटून देतात. अनिका त्या रात्री जेवली नाही. मी म्हटलं, एक आठवडा. दसऱ्याच्या दिवशी मी इथे मैदानाच्या कडेला पांढरा शर्ट घालून उभा होतो, पाण्याच्या बाटल्या वाटत. आम्ही हरलो. अनिकाने दोनदा मागे वळून पाहिलं आणि दोन्ही वेळा चेंडू बरोबर जागी दिला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, ते काम कुणाच्या लक्षात येत नसतं.

फॉल सीझन आता दोन आठवड्यांत संपेल. मला वाटलं, सुटलो, वीसला अंजनेबरोबर निघतो. तेवढ्यात आईबापांनी टीमचं नाव विंटर इनडोअरला घातलं. मला विचारलंच नाही, आणि मी तरी काय म्हणणार होतो? परवा हॉल बघून आलो. अगदी त्याने सांगितलं होतं तसाच. हिरवा गालिचा, चारही बाजूंना फळ्या. मुलींनी चेंडू मारला, तो भिंतीला लागून परत आला, पुन्हा मारला, पुन्हा आला. मी कोपऱ्यात उभा होतो आणि दार कुठल्या बाजूला आहे ते मला थोडा वेळ आठवेना.

पासपोर्ट माझ्याच कपाटात आहे, मोज्यांच्या खणात. आता तो मी रोज बघतो. लॉकरमध्ये होता तेव्हा बरं होतं, तेव्हा दोष द्यायला अतुल होता, तू होतीस. आता हे मलाच कळत नाही. मला इथे गुदमरतं, अंजने, अजून तेवढंच गुदमरतं. आणि साडेचार वाजले की पाय आपोआप बूट शोधतात.

मैत्रीला सांग, माझं तिकीट बदलू नको. तू एकटी जा, दिल्लीला विमान बदलताना गुडघ्यांची काळजी घे, व्हीलचेअर मागायला लाजू नकोस. नागपूरला गुरुदत्त तुला घ्यायला येईल. त्याच्याकडून माझ्या घराची किल्ली घे आणि एकदा खिडक्या उघड. पोट्ट्यांना माझं नाव सांग. तू गेल्यावर या बाजूला मला दादा म्हणणारं कोणी नाही, हे मी मोजून बसलो आहे, तेव्हा पत्र आता तू दर महिन्याला लिहायचं.

काल गाडीत अनिकाने विचारलं, "आजोबा, सो यू आर नॉट लीव्हिंग?" मी म्हटलं, जाणार ना, नक्की जाणार, जस्ट टिल द सीझन इज डन. ती हसायला लागली. म्हणाली, "यू साउंड एक्झॅक्टली लाइक कोच ग्रेगर."

एवढा सीझन झाला की येतोच.

तुझा,
दादा